दोन बँडचा रेडिओ आणि तीनशे चौरस फुटांचे घर

ज्या रेडिओविषयी हे लिहीत आहे तो गेले सात महिने आमच्या घरात रोज किमान तीन तास वाजतो आहे, त्यामुळे त्याचे गुण आणि खोडी दोन्ही आता चांगल्या ठाऊक झाल्या आहेत. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) आणि एफएम असे दोन बँड, काचेमागे सरकणारी लाल सुई, उजव्या बाजूला दोन गोल बटणे, पाठीमागे दोन मोठे सेल बसतील एवढा खण आणि विजेवर लावायची एक वायर, एवढाच त्याचा संसार. किंमत १,४५० रुपये पडली. संचावर ज्या कंपनीचे नाव आहे ते येथे देत नाही. याच किमतीचे आणि याच घडणीचे संच बाजारात तीन-चार नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते या जातीच्या बहुतेक संचांना लागू पडेल.

गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघे कऱ्हाडचे चार खोल्यांचे घर बंद करून, मुलीच्या जवळ राहता यावे म्हणून, कोथरूडमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत राहायला आलो. तीनशे चौरस फूट. येताना पुस्तकांची आठ खोकी होती, त्यांतील तीनच आणता आली. टीव्ही आणलाच नाही, कारण तो लावायला मोकळी भिंत उरत नव्हती. यजमानांच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या असल्याने त्यांना फार वेळ वाचवत नाही, त्यांचा दिवस कानांवर चालतो; आणि माझा दिवस, लहानपणापासून, पुस्तकावर चालतो. चार खोल्यांत ही अडचण कधी जाणवली नव्हती, कारण ते माजघरात ऐकत आणि मी मागच्या पडवीत वाचत असे. एकाच खोलीत ऐकणारा आणि वाचणारा कसे नांदणार, हा प्रश्न मात्र पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. त्यामुळे या रेडिओकडे मी त्या एका कसोटीवर पाहिले आहे, आणि हा अभिप्रायही त्याच कसोटीचा आहे.

खरेदी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत केली. विजेच्या आणि ध्वनीच्या उपकरणांसाठी पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथेच जातात, आणि त्या भागात गेले की अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने व १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर ही सगळीच पायी जाण्याच्या अंतरावर येतात, हा आणखी एक फायदा. पहिल्या दुकानात घेतलेला संच दोन दिवसांत बंद पडू लागला. खणातील स्प्रिंग सैल असल्याने सेल जागेवर टेकत नव्हते, आणि दुकानदाराने तो बदलून देण्यास बरीच टाळाटाळ केली. शेवटी पैसे परत घेऊन त्याच गल्लीतील दुसऱ्या, अगदी अरुंद दुकानात गेले. तिथल्या साठीच्या घरातील गृहस्थांनी संच हातात देण्याआधी त्यात स्वतःचे सेल घातले, सुई कोणतेही केंद्र लागणार नाही अशा जागी नेली आणि आवाजाचे बटण सावकाश शेवटपर्यंत फिरवून कान लावला. बटण फिरवताना खरखर आली तर तो संच बाजूला ठेवायचा, ही त्यांची पद्धत. तीन संच बाजूला ठेवून चौथा त्यांनी मला दिला. "काकू, घरी नेल्यावर मध्यम लहरींवर गुणगुण ऐकू आली तर लगेच माझ्याकडे येऊ नका," ते म्हणाले. "आधी घरातले सगळे दिवे, चार्जर बंद करा, मग एकेक चालू करून बघा. दोष रेडिओत नसतो, घरात असतो."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे, आणि त्याचे प्रक्षेपण हडपसरहून होते. म्हणजे आमच्यापासून फार दूर नाही. तरीही घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी निवेदिकेच्या आवाजावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक अखंड नाद पसरला होता. आम्ही पंखा बंद केला, मोबाइलचे चार्जर काढले, ट्यूबलाइट घालवली, नाद तसाच. शेवटी माझ्या पुस्तकावर प्रकाश टाकणारा एलईडीचा टेबलदिवा बंद केला आणि खोली एकदम स्वच्छ झाली, जणू कोणी खिडकीची काच पुसली. माझा वाचायचा दिवा आणि यजमानांचा रेडिओ एकमेकांना साहत नव्हते. स्वस्त एलईडी दिव्यांत विजेचा दाब उतरवण्यासाठी जे छोटे मंडल (सर्किट) असते ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते, आणि त्या उघडझापीतून बाहेर पडणाऱ्या लहरी नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात येऊन पडतात. एफएमला हा त्रास फारसा होत नाही.

यावर उपाय दिव्यात शोधता आला असता, पण तो आम्हाला आधी रेडिओत सापडला. अशा संचाच्या आत वरच्या कडेला पेन्सिलीएवढ्या जाडीची, बारीक तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी फेराइटची कांडी असते. मध्यम लहरींसाठी तीच एरियल असते, आणि बाहेर ओढायची चकचकीत दांडी फक्त एफएमच्या कामी येते. ही कांडी आडव्या अंगाने समोरून येणारी लहर चांगली पकडते आणि तिच्या टोकाच्या दिशेने येणारी लहर जवळजवळ पकडत नाही. म्हणून संच जागच्या जागी सावकाश फिरवला की एका विशिष्ट कोनात त्रासदायक नाद दबतो आणि केंद्र राहते. आम्ही रेडिओ टेबलावरून उचलून पूर्वेकडील खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. लोखंडी सळयांच्या इमारतीत खिडकीजवळ मध्यम लहरी अधिक ठळक मिळतात. दिव्यापासून सहा फुटांचे अंतर पडले, आणि संचाची उजवी बाजू दिव्याकडे रोखल्यावर तो नाद इतका खाली गेला की कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. ही जागा सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. या किमतीच्या कोणत्याही संचाविषयी मत बनवण्याआधी त्याला घरात एवढा वेळ द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण जागेवर न बसलेला रेडिओ ऐकून पुष्कळ लोक तो परत करतात.

सुईच्या डायलविषयी. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात, आणि चार बोटांच्या काचेवर ती सारी मांडायची म्हटल्यावर एका केसाच्या फरकाने केंद्र हुकते. त्यातून या संचाचे बटण आणि सुई यांच्यामधील दोरी किंचित सैल आहे. बटण उलट फिरवले की पहिला पाव फेरा सुई हलतच नाही. हा दोष खरा आहे आणि तो सवयीनेच सुसह्य होतो. मी काचेवर ७९२ च्या जागी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे, आणि नेहमी डावीकडून उजवीकडे सुई नेत त्या ठिपक्यावर थांबायचे असा यजमानांचा नेम झाला आहे. आता त्यांना चष्मा न लावताही केंद्र लागते. काचेमागे दिवा आहे, पण तो मिणमिणता आहे आणि रात्री आकडे वाचण्यास पुरेसा नाही.

अंधार पडल्यावर मात्र हाच डायल फार मोठा होतो. सूर्य मावळला की वातावरणातील उंचावरच्या थरांपैकी, दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. आमच्या ठिपक्याच्या किंचित डावीकडे, ७६५ वर, रात्री धारवाड येते. कऱ्हाडला आमच्या सासूबाईंना कानडी थोडे समजत असे आणि त्या धारवाडचे गाणे आवर्जून लावत, असे यजमान सांगतात. मला ती भाषा येत नाही, परंतु निवेदन संपून तंबोरे सुरू झाले की भाषेची गरज राहत नाही. आवाज मधूनच मोठा होतो, मधूनच ओसरतो, एखादी तान पूर्ण ऐकू येते आणि तिची सम हवेत विरते. रेकॉर्डिंगची स्वच्छता हवी असणाऱ्याला हे रुचणार नाही. मला मात्र दूरच्या गावी चाललेल्या मैफलीच्या दाराशी उभे असल्यासारखे वाटते, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी पुस्तक मिटते.

एफएमविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विविधभारती १०१ वर स्वच्छ लागते, दांडी अर्धी ओढली तरी पुरते. संगीताची रुची असणाऱ्याने सकाळी साडेसातची संगीत सरिता तेवढी चुकवू नये. पंधरा मिनिटांत एखादा राग, एखादे वाद्य इतके समजावून दिले जाते की पुढे ते कुठेही ऐकताना ओळखीचे वाटते.

आवाजाचा दर्जा हा खरा विषय आहे. आतला स्पीकर चार इंची आहे आणि खोके लाकडाच्या भुशाच्या फळीचे. मनुष्याचा आवाज, बासरी, सारंगी, हार्मोनियम यांना हा संच पुरेपूर न्याय देतो. नाट्यसंगीतातील गायकाचा शब्द इतका जवळून येतो की श्वास कळतो. तबल्याची चाट आणि शाईवरचे बोल नीट सुटे ऐकू येतात, पण डग्ग्याचा घुमारा अर्धाच पोचतो, आणि पखवाजाची तर नुसती चाहूल लागते. या आकाराच्या स्पीकरकडून अधिक अपेक्षा करता येणार नाही. ठेवण्याच्या जागेने मात्र बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातील कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवला तर आवाज कोरडा आणि टोकदार होतो. पत्र्याच्या डब्यावर ठेवला तर डबाच वाजू लागतो. खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही आधी जुन्या पोळपाटाची सागवानी फळी ठेवली, तिच्यावर चौघडी केलेला पंचा, आणि त्यावर रेडिओ, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. या मांडणीत डग्गा थोडा भरीव लागतो. यजमानांनी हे सारे कान लावून, इंचाइंचाने सरकवून ठरवले आहे आणि झाडताना ती फळी हललेली त्यांना चालत नाही.

आता मूळ कसोटी, म्हणजे एकाने ऐकत असताना दुसऱ्याला वाचता येते का. सात महिन्यांनंतर माझे उत्तर असे आहे की येते, परंतु काय वाजते आहे त्यावर काय वाचायचे ते ठरवावे लागते. शब्दप्रधान गाणे लागले की माझे वाचन थांबते. मराठी भावगीत आणि मराठी पुस्तक यांचे शब्द एकाच दारातून आत येऊ पाहतात आणि कोणीच धड आत येत नाही. एक ओळ मी चार वेळा वाचते आणि चारही वेळा गाण्याचाच शब्द मनात राहतो. ख्यालाचे तसे नाही. विलंबितात बंदिशीचे शब्द इतके लांबवलेले असतात की ते स्वरांचेच रूप घेतात, आणि त्या संथ आलापीत कादंबरीचे एखादे प्रकरण फार शांतपणे वाचून होते; द्रुत सुरू झाले की माझा वाचनाचा वेगही नकळत वाढतो, असा माझा अनुभव आहे. वाद्यसंगीतात निबंध, प्रवासवर्णन, चरित्र काहीही वाचता येते. कविता मात्र कशासोबतच वाचता येत नाही, तिच्यासाठी रेडिओ बंदच करावा लागतो, आणि तसे मी सांगितले की यजमान कुरकुर न करता बटण फिरवतात. बातम्या, भाषणे आणि नभोनाट्ये या वेळात मी वाचत नाही, भाजी निवडते.

असा दिवस लागत गेला. पहाटे प्रसारण सुरू होताना येणारी आकाशवाणीची ती ओळखीची धून, तंबोऱ्याच्या साथीवर उठणारे व्हायोलिन, ऐकूनच आमचा दिवस सुरू होतो. १९३४ साली मुंबईत आश्रयाला आलेल्या आणि पुढे तिथल्या आकाशवाणीत संगीताचे काम पाहिलेल्या वॉल्टर कॉफमन यांची ती रचना मानली जाते, हे मला या वयात समजले. लहानपणी ती रेडिओच्याच पोटातून येते असे वाटत असे. मग वंदे मातरम्, मंगलध्वनी. सात वाजून गेले की पुण्याहून प्रादेशिक बातम्या. भिंती पातळ असल्याने आवाज शेजारी जातो, म्हणून मी सुरुवातीलाच शेजारच्या सूनबाईंना त्रास होतो का, असे विचारले होते. त्या म्हणाल्या, "नाही हो काकू, उलट बरंच झालं. तुमच्याकडे सातच्या बातम्या लागल्या की मी डबे भरायला घेते, घड्याळ बघावं लागत नाही."

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५५-५६ मध्ये, आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची ५६ गीते याच केंद्रावरून पहिल्यांदा महाराष्ट्राने ऐकली, आणि त्या वेळी घरोघरी रेडिओला हार घालत, हे आमच्या सासूबाईंनी स्वतः केले होते. त्यांच्या त्या जुन्या संचाला वर्षाकाठी टपाल कार्यालयात परवान्याचे पैसे भरावे लागत. ते परवान्याचे पुस्तक आम्ही आणलेल्या तीन खोक्यांतील एका खोक्यात निघाले आणि आता ते या नव्या रेडिओच्या फळीखाली ठेवले आहे.

हेच सारे मोबाइलवर फुकट ऐकता येते, असे मुलगी म्हणाली आणि ते खरे आहे. आकाशवाणीच्या ॲपवर देशातील पुष्कळ केंद्रे मिळतात, नाद नाही, सुई हुकणे नाही. आम्ही ते महिनाभर करून पाहिले. मोबाइलचा आवाज बारीक, त्याला वेगळा स्पीकर जोडावा लागतो, फोन आला की गाणे तुटते, आणि प्रसारण काही सेकंद मागे चालते. पण मुख्य अडचण वेगळीच होती. फोन हातात घेतला की यजमानांना डोळे ताणून पडद्याकडे पाहावे लागे, आणि ज्या डोळ्यांना विश्रांती मिळावी म्हणून ऐकायचे त्यांनाच श्रम पडत. रेडिओचे बटण हाताला लागते, टक् असा आवाज येतो आणि केंद्र तिथेच असते. ज्यांच्या घरी दृष्टी अधू झालेले कोणी आहे त्यांनी केवळ या एका कारणासाठी सुईचा आणि गोल बटणांचा संच घ्यावा, आकडे दाखवणारा आणि बारीक बटणांचा घेऊ नये.

विजेवर चालवला तर मध्यम लहरींवर हलकी घरघर मिसळते, म्हणून आम्ही तो सेलवरच चालवतो. दोन मोठे साधे सेल, रोज तीन तास, मध्यम आवाज, या हिशेबाने साधारण सात आठवडे पुरतात. सेल उतरत आले की आवाज आधी मोठ्या स्वरांवर फाटू लागतो. तिथेच ते बदलावेत, खणात राहू दिले तर पाझरतात आणि स्प्रिंग गंजते. खणाचे झाकण फार नाजूक आहे. आमच्या झाकणाची एक चीप तिसऱ्याच महिन्यात तुटली, तिथे आता रबरबँड आहे. कंपनीने या एका भागावर दहा रुपये अधिक खर्च करायला हवे होते.

ज्यांना मोठ्या खोलीत घुमणारा आवाज हवा आहे, ज्यांना हवे ते गाणे हव्या त्या क्षणी हवे आहे, त्यांच्यासाठी ही वस्तू नाही. ज्यांच्या परिसरात मध्यम लहरींचे केंद्र दिवसा नीट लागत नाही त्यांनीही आधी शेजारच्या कोणाचा संच मागून आपल्या खिडकीत लावून पाहावा आणि मगच पैसे खर्च करावेत. एका खोलीत दोघे राहत असतील, एकाला ऐकायचे आणि दुसऱ्याला वाचायचे असेल, तर मी हा संच निःशंकपणे घ्यायला सांगेन. घेताना तपकीर गल्लीतील त्या गृहस्थांप्रमाणे आवाजाचे बटण केंद्राविना फिरवून पाहावे, सेल घालून संच हलकेच हलवून पाहावा आणि झाकण दोनदा उघडून लावून पाहावे. संचासोबत सेल मिळत नाहीत. ते तिथेच मागून घ्यावेत, म्हणजे घरी पोचल्याबरोबर संध्याकाळचे गाणे चुकणार नाही.